भट्टीची उधारी

गेवराईला आमच्या घरी दिवाळीपूर्वी रंगकामासाठी कळीचा चुना येई. पत्र्याच्या पिंपात खडे टाकून पाणी ओतले की थोड्याच वेळात पिंप रटरटू लागे. एका वर्षी धाकटा भाऊ त्यात डोकावला आणि शिंतोडा त्याच्या डाव्या डोळ्यात उडाला. आईने घागरीमागून घागर पाणी ओतले. डोळा राहिला, दृष्टी मात्र अधू झाली. दाहक चुन्याने बुबुळ पोळले होते. 'विस्तव नव्हता, मग पाणी उकळले कशाने?' हा त्याचा प्रश्न तेव्हा कोणालाच सुटला नाही.

उत्तर निवृत्तीनंतर नातीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडले, तेही जमाखर्चाच्या रूपात! चुनखडी भाजून ५६ ग्रॅम कळीचा चुना करताना ती सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता शोषून घेते. ही उष्माग्राही अभिक्रिया. पाणी पडताच त्यांतील ६५ किलोज्यूल चुना परत करतो. ही उष्मादायी. किलोभर चुन्याची ही उष्णता साडेतीन लिटर पाणी उकळीला आणू शकेल. उरलेले ११३ किलोज्यूल भिंतीवरचा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत, कोणाला न कळता, सावकाश फेडतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. टप्पे कितीही असोत, एकूण बेरीज तीच, हे रशियातील रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी १८४० मध्ये मांडले. बँकेत आयुष्यभर ताळेबंद जुळवले. इतका चोख क्वचितच पाहिला.

गेल्या महिन्यात भावाला हा हिशेब दाखवला. कागद उजव्या डोळ्याजवळ धरून त्याने बेरीज दोनदा तपासली.

"बरोबर आहे, दादा," एवढेच म्हणाला.