आधी तुझी गोधडी

शुक्रवारी रात्रीचा तुमचा प्लॅन काय असतो? पिक्चर, डिनर, नाहीतर बॅग भरून थेट अलिबाग? माझा चार वर्षं फिक्स होता. जेवण झालं की मेथोट्रेक्सेटच्या इवल्याशा पिवळ्या गोळ्या. घ्यायच्या आठवड्यातून एकदाच, पण अख्खा शनिवार आडवा करायच्या. मळमळ, जड डोकं, तोंडाला चव नाही. रविवारी जरा माणसात यायचं आणि सोमवारी लिपस्टिक लावून ऑफिसात हजर. ‘वीकेण्ड कसा गेला गं?’ ‘एकदम मस्त!’

मला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. ‘संधिवात? या वयात?’ असं तुम्हीही म्हणाल. पण हा म्हातारपणी सांधे झिजतात तो संधिवात नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. ऐन तिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त. सकाळी बोटं मोकळी व्हायला तासभर लागतो. शर्टाचं बटण म्हणजे कुस्ती. हे घरात फक्त नवऱ्याला आणि आईला ठाऊक. ऑफिसात सांगितलं असतं तर मोठी प्रोजेक्ट्स दुसऱ्या कुणाकडे गेली असती, आणि सासरी सांगितलं असतं तर... ते पुढे येईलच.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने एकदा फोटो पाठवले. ‘क्विल्टिंग रिट्रीट’ म्हणे! दहा-बाराजणी गावाबाहेर जातात, दोन-तीन दिवस एकत्र बसून रजया शिवतात, गप्पा मारतात, खातात, झोपतात. पैसे भरून! मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या आत्याच्या पडवीत चहासकट फुकट चालतं.

आत्या हमरापूरला असते. पनवेलहून रोह्याकडे जाणारी मेमू पकडायची. आपटा, जिते मागे पडलं की हमरापूर. गाड्या मोजक्याच, त्यामुळे चुकली की संपलं. पेणच्या गणपतींची ख्याती तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्यातले कितीतरी गणपती घडतात ते इथे, आजूबाजूच्या जोहे, कळव्यात. रस्त्याच्या कडेला रंग न दिलेले पांढरे बाप्पा रांगेने बसलेले असतात. सीझनमध्ये आत्या आणि तिच्या शेजारणी पॉलिश पेपरने मूर्ती घासतात, रंगवतात. दिवाळी झाली, भात घरात आलं आणि कारखान्यांचा जोर ओसरला, की दुपारी पडवीत गोधडी पसरते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी नुसती बघणार होते. जुन्या सुती नऊवाऱ्या खाली-वर, मध्ये विरलेली धोतरं आणि चादरी. आधी लांब टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेकडेने आत आत धावदोरा. चौघी चार बाजूंना बसतात. ‘बस की, सुई घे,’ आत्या म्हणाली. घेतली. सुई आत जाते हो, पण तेवढ्या थरांतून चिमटीत धरून बाहेर ओढायची म्हणजे! पाचव्या टाक्याला डोळ्यांत पाणी.

शेजारच्या काकू सगळं बघत होत्या. ‘हात दुखतान काय गं बाय?’ मी मान हलवली. त्या उठल्या आणि मूर्तीच्या जुन्या रबरी साच्याचा एक पातळ तुकडा कापून घेऊन आल्या. रुपयाएवढा. ‘यात धर सुई.’ आणि काय सांगू, रबराची अशी पकड बसली की जोर न लावता सुई सुळकन बाहेर. माझ्याकडे दीड हजारांचा मनगटाचा सपोर्ट होता, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. काकूंना ठाऊक होतं, कारण वर्षानुवर्षं मूर्ती घासून त्यांचीही बोटं रात्री ठणकतात.

मग मी जातच राहिले, जमेल त्या वीकेण्डला. वीस मिनिटं शिवायचं, मग उठून फेऱ्या मारायच्या. आणि गंमत म्हणजे मी उठले तरी गोधडी थांबत नाही. बाजूची बाई कोपरा ओलांडून माझ्या रांगेतले चार टाके घालून टाकते. बोटं सुजलेली असतील त्या दिवशी मी फक्त दोरे ओवून देते, तेही दोरा भिजवून, मोठ्या नेढ्यात. त्याचं कुणालाच काही वाटत नाही. ऑफिसात मी एक दिवस नसले तर काय होईल, या धाकाने मी कित्येक सोमवार ओढलेत.

गेल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी बाळासाठी दुपटं चाललं होतं. दुपटं जुन्याच लुगड्याचं हवं, नवं कापड बाळाला टोचतं. एक वहिनी हसत म्हणाली, ‘पुढचं हिचं! लग्नाला तीन वर्षं झाली की.’

हाच तो प्रश्न. सासरी मी तो नेहमी हसून टाळायचे. त्या दिवशी नाही टाळला. सांगून टाकलं की मला कसला आजार आहे, या गोळ्या चालू असताना दिवस राहून चालत नाही, बाळाला घातक असतं. त्या काही महिने आधी बंद कराव्या लागतात, दुसरी औषधं सुरू करता येतात, पण त्यात आजार उसळला तर? मला भीती वाटते.

पडवी गप्प. वहिनीचा चेहरा उतरला. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चार वर्षं आपल्याला का सांगितलं नाही, हे विचारतेय. मग काकूंनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, ‘दुपट्याचं मागनं बघू. आधी तुझी गोधडी करू.’

त्या सोमवारी मी बॉसला सांगितलं. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला आणि मग त्याने बुधवारी घरून काम करायला परवानगी दिली. डॉक्टरांना विचारून गोळ्यांचा वार मंगळवार केला. (स्वतःच्या मनाने हे करू नका, प्लीज. आणि आठवड्याची गोळी चुकून रोज तर अजिबात नको.) प्रमोशनचं काय होईल, देव जाणे. सासूबाईंनाही सांगितलं. त्या अजून गप्प आहेत. पण परवा त्यांनी कपाटातून एक मऊ झालेलं जांभळं लुगडं काढून दिलं. ‘गोधडीत घाला,’ एवढंच म्हणाल्या.

लुगडं बॅगेत भरलंय. पर्समध्ये गोळ्यांच्या स्ट्रिपशेजारी रबराचा तुकडा आहे. माझ्या गोधडीचा मधला चौकोन अजून बाकी आहे, तो या शनिवारी भरायचा. बोटं उघडली तर. नाही उघडली, तर काकू आहेतच.