सगळे आले, सर!

परवा नातू आला आणि सांगू लागला, "आजोबा, आता विमानं आपोआप उतरू शकतात." मला २५ फेब्रुवारी २००९ चा ॲमस्टरडॅमचा अपघात आठवला.

टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इस्तंबूलहून येत होतं. जमिनीपासूनची उंची मोजणारं डावीकडचं यंत्र बिघडलं आणि जवळजवळ दोन हजार फुटांवर असताना उणे आठ फूट दाखवू लागलं. इंजिनं सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाटलं, टेकलोच आता! तिने इंजिनांचा जोर काढून घेतला. वेग कमी करायचाच होता, म्हणून आधी कोणाला खटकलं नाही. पुढे तो कमी होतच राहिला. आकडा समोर दिसत होता, कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते, पण उतरण्याच्या तयारीत दीडेक मिनिट लक्षच गेलं नाही. धोक्याचा इशारा मिळाला तेव्हा विमान साडेचारशे फुटांवर होतं. ते धावपट्टीआधीच शेतात कोसळलं. तिन्ही वैमानिकांसह नऊ जण गेले.

त्यांना मी काय नावं ठेवणार? एकदा सहलीहून निघताना मॉनिटर म्हणाला, "सगळे आले, सर." आम्ही तिघे शिक्षक होतो, एकानेही मुलं मोजली नाहीत. दहा किलोमीटरवर कळलं, एक मुलगा मागेच राहिलाय. परत गेलो तर देवळाच्या पायरीवर रडत बसलेला. आमच्या एस्टीला वळायला रस्ता तरी होता.

असो. नातू रविवारी परत जाईल. पोचल्यावर फोन कर, एवढंच सांगणार आहे.