वाळूवरचे शेवाळ

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आमचा नव्हे. तो आमच्या नातवाचा. मुलगा व सून कॅनडाला जावयास निघाले तेव्हा घरातील बऱ्याच वस्तूंची वाटणी झाली. मागे उरली ती दिवाणखान्यातील दोन फूट लांबीची मत्स्यपेटी. तीत नऊ गप्पी, दोन कोरीडोरास आणि तळाशी दोन बोटे जाडीची पांढरीशुभ्र वाळू. ‘‘आजी-आजोबा, तुम्ही सांभाळाल ना?’’ असे त्याने विचारले आणि आम्ही उभयतांनी मान हलविली.

दर रविवारी संध्याकाळी फोनवर तो प्रथम आमचे नव्हे, पेटीचे दर्शन घेतो. दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी त्याने विचारले, ‘‘आजोबा, वाळू हिरवी का झाली?’’

शेवाळ आम्हांला नवे नव्हते. वसईत आमच्या पिढीचे बालपण बावखलांच्या काठी गेले. काठच्या दगडांवरून पाय घसरून आपटलो नाही, असा आमच्यात विरळाच. पण बावखलातले शेवाळ खरवडून काढावे असे कधी कोणाच्या मनात आले नाही. दिवाणखान्यातले शेवाळ मात्र आम्हांला आमच्या निष्काळजीपणाचे प्रशस्तिपत्रक वाटू लागले. सातासमुद्रापलीकडून एक दहा वर्षांचा मुलगा ते पाहत होता ना!

पुढच्या शनिवारी आम्ही कंबर कसली. मासे बादलीत काढले. वाळू परातीत घेऊन उकळत्या पाण्याने तीन वेळा धुतली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळला. पेटी घासून पुसून नळाच्या ताज्या पाण्याने भरली आणि मासे सोडले. रविवारी वाळू पहिल्या दिवसासारखी पांढरी दिसत होती. नातवाने टाळ्या वाजविल्या.

सोमवारी पाणी दुधासारखे गढूळ झाले. मंगळवारी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले. गुरुवारपर्यंत सहा गप्पी गेले. जास्वंदीच्या बुंध्याशी आम्ही त्यांना पुरले, आणि त्या रविवारी फोन आमच्याच चेहऱ्यांकडे वळवून ठेवला. पेटी दाखवा म्हणताच आम्ही म्हणालो, ‘‘वीज गेली आहे रे.’’

‘‘मग वरचा पंखा कसा फिरतोय?’’

सत्तरी ओलांडलेल्या दोघांची मान अशी खाली जाण्याचा प्रसंग विरळा. थोडा वेळ पलीकडे काहीच ऐकू येईना. मग त्याने एवढेच विचारले, ‘‘किती राहिले?’’

दुसऱ्या दिवशी आम्ही मत्स्यपेट्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने शेवाळाविषयी काही विचारलेच नाही. दिवा किती तास असतो? खाणे कोण घालते? दिवा पहाटेपासून रात्रीच्या रोझरीपर्यंत जळे. शिवाय पूर्वेच्या खिडकीतले ऊन होतेच. आणि खाणे? तेथे उभे असतानाच आम्हा दोघांना कळले की, सकाळी एक जण घालीत असे व दुसऱ्याला ते ठाऊक नसल्याने तोही घालीत असे. संध्याकाळीही तेच. उरलेले दाणे वाळूत रुतून कुजत.

मग त्याने जे सांगितले ते आम्ही शाळेत शिकलो असतो तर बरे झाले असते. माशांची विष्ठा आणि कुजके अन्न यांपासून अमोनिया होतो, आणि तो माशांना विष. वाळूच्या कणाकणावर व स्पंजात राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे नायट्रेट, अन्नातले फॉस्फेट आणि भरपूर उजेड मिळाला की शेवाळाचे फावते. त्या जिवाणूंपैकी काहींना आम्ही उकळून मारले, काहींना नळाच्या क्लोरीनने. शेवाळाने एकही मासा मारला नव्हता.

1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका भांड्यात ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यालाही कुजक्या पानांनी व हिरव्या बुळबुळीने सतावले होते. त्याने भांडे उकळले नाही; तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. आम्हांला हे आधी वाचावयास मिळाले असते तर!

आता खिडकीला पडदा आहे. दिवा सात तास. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. ज्याने घातले त्याने कॅलेंडरवर खूण करावयाची. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, तेही क्लोरीन मारणारे थेंब घालून. नळी वाळूच्या किंचित वर धरली की मळ तेवढा ओढला जातो, वाळू नाही. हात थरथरतो म्हणून हे काम आजीकडे. वाळूचा वरचा थर बोटाने हलकेच ढवळतो. निमुळत्या शंखाच्या चार गोगलगायी दिवसा वाळूत दडतात व रात्री फिरतात. स्पंज धुवावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. एकदा काचेलगत निळसर-हिरवा, वास मारणारा पापुद्रा धरला. ते खरे शेवाळ नव्हे, जिवाणूंचाच एक प्रकार. तो नळीने ओढून काढला आणि पेटी चार दिवस चादरीने झाकली. चादरीखाली काय चालले असेल या काळजीने आम्ही रात्री उठून बसत असू. मासे मात्र धडधाकट निघाले.

वाळू पूर्वीइतकी पांढरी नाही. डाव्या कोपऱ्यात हिरवी छटा असते आणि तिच्यातून गोगलगायीच्या वाटा गेलेल्या दिसतात. नातवाला आता त्या वाटाच पाहावयाच्या असतात. उरलेल्या तीन गप्पींपैकी एक मादी होती. गेल्या रविवारी व्हॅलिस्नेरियाच्या पानांत तिची पिल्ले दिसली. तो पलीकडून मोजू लागला. अकरापर्यंत गेला की एखादे पिल्लू जागा बदली आणि त्याला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागे. जेवण निवत होते, तरी आम्ही फोन तसाच धरून उभे राहिलो.