शिरूरचं पान, दौंडचं पान

घरात एखादा संगणकवाला असला की नातेवाइकांच्या वेबसाइटी त्याच्याच गळ्यात पडतात. माझ्या गळ्यात दोन आहेत. एक शिरूरच्या मामांच्या रोपवाटिकेची, दुसरी दौंडजवळच्या आत्तेभावाच्या गुऱ्हाळाची. दोन्ही आतून अगदी वेगळ्या बांधल्यात, आणि ऑफिसातली पोरं त्यावरून मला चिडवतात. एकच पद्धत धर म्हणे!

आधी पद्धती सांगतो, म्हणजे आमच्या काकूंनाही कळेल. पहिली साच्याची. पान साध्या एचटीएमएलमध्ये लिहायचं आणि भाव, नाव वगैरे जिथे बदलतं तिथे खूण करून जागा सोडायची. (मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला 'साचा'च म्हणतात, काय चपखल शब्द आहे!) दुसरीत एचटीएमएल कोडच्याच पोटात असतं, पान प्रोग्रॅम रचतो. २०१३ मध्ये फेसबुकनं रिअ‍ॅक्ट खुलं केलं आणि त्यातल्या जेएसएक्समुळे ही पद्धत सगळीकडे पसरली. त्याआधी २००५ मध्ये आलेलं जँगो अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं. पानं सजवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येत असेलच असं नाही, म्हणून त्याच्या साच्यात मुद्दामच फारसा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. मला हे कारण फार पटतं.

कारण शिरूरचं पान मामेबहीण सांभाळते. शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी, बस्स. कांद्याची रोपं संपली, मिरचीची आली, की ती स्वतः फाइल उघडून बदलते. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, तिला दिसतं. एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर सांभाळून घेतो, फार तर अर्धं पान ठळक होतं. जेएसएक्समध्ये एक कंस हुकला की पान तयारच होत नाही. मग तिचा फोन, मी मीटिंगमध्ये, आणि तिकडे संपलेल्या रोपांसाठी कुणीतरी न्हावऱ्याहून टेंपो घेऊन हजर. मी नसताना चालेल असंच पान मामांना हवं.

दौंडला भाऊ फाइलीला हात लावत नाही, फोनवरून फॉर्म भरतो. एक किलोची ढेप, पाच किलोची, काकवी, पावडर; हंगाम नसेल तर हे लपव, माल संपला तर बटण बंद कर. साच्यात अशा अटी कोंबत गेलं की धड एचटीएमएल राहत नाही आणि धड प्रोग्रॅमही. विकिपीडियानं हे भोगलंय. साच्यांचा गुंता इतका झाला की २०१३ मध्ये तिथे लुआ ही भाषा आणावी लागली. कोडमध्ये 'ढेप' हे एक फंक्शन, त्याला भाव द्यायला विसरलं तर तपासणीतच ओरड होते. गिऱ्हाइकाला चुकीचा भाव दिसण्यापेक्षा ती बरी. जेएसएक्सवाले सुरक्षेचं कारण देतात, की बाहेरच्यानं लिहिलेल्या मजकुरातले टॅग ते आपोआप निष्प्रभ करतं. पण जँगोचे साचेही २००८ पासून ते करतात, त्यामुळे तो मुद्दा मी धरत नाही.

आता वहिनींना गुळाबद्दल स्वतः लिहायचंय. तेवढा मजकूर वेगळ्या साध्या एचटीएमएल फाइलीत काढून दिला. रिअ‍ॅक्टला हे फारसं रुचत नाही, त्या सोयीच्या नावातच 'धोकादायक' असा शब्द घालून ठेवलाय! वहिनींनी पहिलीच ओळ लालभडक केलीये. राहू दे.