खोडलेली तारीख

मैलाचा दगड जागचा हलत नाही, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. आमच्या सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि ही समजूत पार ढासळली. मराठीचा प्राध्यापक निदान सभेचे इतिवृत्त तरी बरे लिहील, या भाबड्या विश्वासाने मंडळींनी चिटणीसपद माझ्या गळ्यात घातले. बिऱ्हाडे भाड्याच्या जागांत पांगली, आणि कामाच्या तारखांवर लक्ष ठेवायचे माझ्याकडे आले.

मी संगणकावर एक सुबक तक्ता केला. डावीकडे टप्पे : जुनी इमारत पाडणे, पाया, जोते, एकेका मजल्याचा स्लॅब, गिलावा, भोगवटा प्रमाणपत्र, ताबा. उजवीकडे तारीख. बिल्डरच्या कचेरीतून नवी तारीख कळली, की जुनी पुसून नवी लिहायची. पुढे एका सभेत आम्ही उशिराबद्दल तक्रार केली, तेव्हा बिल्डरचे प्रतिनिधी हसून म्हणाले, "तुमच्याच चिटणिसांचा तक्ता बघा ना! सगळं वेळेवर चाललंय." आणि मौज अशी की, तक्ता खरोखरच तसे सांगत होता! उशिराचा पुरावा मी स्वतःच्या हाताने, मोठ्या तत्परतेने, पुसत आलो होतो.

आमची कन्या संगणकशास्त्र शिकते. तक्ता पाहून ती म्हणाली, "बाबा, काम पुरं होतं एकदाच, पण ते कबूल करतात अनेकदा. दोन्ही एकाच रकान्यात कसं मावेल?"

"मग 'पहिली तारीख', 'दुसरी तारीख', 'तिसरी तारीख' असे रकाने वाढवू," मी शहाणपण दाखवले.

"किती वाढवणार? ते किती वेळा शब्द फिरवणार, ठाऊक आहे तुम्हांला?"

ठाऊक नव्हते. मग तिने दोन कोष्टके आखली. पहिल्यात प्रत्येक टप्प्याची एकच ओळ : क्रमांक, नाव आणि काम प्रत्यक्ष पुरे झाल्याची तारीख. दुसऱ्यात नुसती वचने : टप्प्याचा क्रमांक, कबूल केलेली तारीख, आणि ती कोणत्या दिवशी कबूल केली. नवे वचन आले की खाली नवी ओळ. जुनीला हात लावायचा नाही. दोन्ही कोष्टके जोडणारा धागा म्हणजे तो क्रमांक. आणि जे झालेले नाही, त्याच्या तारखेचे घर कोरे ठेवायचे. अंदाजाने भरायचे नाही. माहिती अशी परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली मांडला, असेही तिने सांगितले. म्हणजे युक्ती माझ्याहून वयाने मोठी निघाली!

दोन रात्री जागून, जुनी इतिवृत्ते आणि पत्रे चाळून मी पुसलेल्या तारखा परत गोळा केल्या. एकट्या जोत्याच्या पाच निघाल्या. पुढच्या सभेत ती यादी वाचली, तेव्हा प्रतिनिधी हसले नाहीत. ताबा मिळेपर्यंत भाडे देत राहण्याचे लेखी पत्र त्याच आठवड्यात आले.

मंडळींनी माझे कौतुक केले. पण यादीतल्या 'ताबा' या टप्प्यापाशी मी मनातून ओशाळलो होतो. दसरा, मग पाडवा, मग अक्षय्य तृतीया, मग पुन्हा दसरा : यातली प्रत्येक तारीख मी आईला सांगितली होती, आणि नवी सांगताना जुनी विसरूनही गेलो होतो. ती मात्र विसरली नव्हती. लवकरच जायचे, म्हणून देवघरातल्या भांड्यांची पेटी तिने या भाड्याच्या घरात उघडलीच नव्हती.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तिने नेहमीप्रमाणे विचारले, "मग कधी रे जायचं घरी?"

नवी तारीख माझ्या जिभेवर तयार होती. मी ती गिळली.

"आई, अजून ठाऊक नाही."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. ती पेटी काढ खाली. समई घासायला हवी."