आकाशमार्गाचा मान आणि त्याचे मोल

पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोने वसवलेल्या खारघरला विमानतळ फार काळ दूरचाच होता. परदेशी जायचे तर खाडीपूल ओलांडून, अनेकदा मध्यरात्री, सहारचा रस्ता धरावा लागे. २५ डिसेंबर २०२५ रोजी उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि आकाशमार्ग जणू दाराशी आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पेढी असणाऱ्या कुटुंबांत आता परदेशवारीचा विषय निघाला, की एक प्रश्न हटकून येतो : वरच्या वर्गाचे तिकीट आणि विमान कंपनीचा ‘गोल्ड’ दर्जा, यांवरील खर्च सार्थकी लागतो का?

जमाखर्च मांडून पाहावा. एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’चा गोल्ड सदस्य स्टार अलायन्समधील इतर कंपन्यांतही गोल्डच मानला जातो. साध्या वर्गाच्या तिकिटावरही त्याला लाउंज, वेगळी रांग आणि जादा सामानाची मुभा मिळते. बिझनेस वर्गाच्या तिकिटात या सोयी मुळातच असतात. म्हणजे दर्जाचा खरा लाभ स्वस्त तिकिटावर होतो. महाग तिकिटावर त्याची भर थोडीच. वरच्या वर्गाची स्वतःची अशी देणगी म्हणजे लांबच्या प्रवासात पाठ टेकून मिळणारी झोप. सोबत वृद्ध मातापिता असतील, किंवा उतरताच सौद्याला बसायचे असेल, तर तिचे मोल मोठे आहे. कंदमुळांविना जैन भोजन मात्र वेळेत नोंदवले, तर अनेक कंपन्या साध्या वर्गातही देतात. त्यासाठी कोणताही दर्जा लागत नाही.

खरा तोटा पुढे आहे. मिळालेला दर्जा कायमचा नसतो. तो राखण्यासाठी ठरावीक मुदतीत पुन्हा पुरेसा प्रवास करावा लागतो. मग काम नसताना दौरे निघतात, गरज नसताना महाग तिकिटे घेतली जातात. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत सांगितले आहे, भोगोपभोगाचे परिमाणही सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखावी, असा त्यांचा आशय. दर्जाची शिडी ती मर्यादा दरवर्षी थोडी पुढे सरकवते.

व्यापारासाठी जावेच लागते, तेथे ओघाने आलेला दर्जा हा नफा. दर्जासाठी केलेली वारी, मग ती कितीही सुखाची असो, खतावणीत नावेच पडते.