टाचेमागची दोरी

ल्युपस म्हटलं की लोक गालांवरचं फुलपाखरू शोधतात. माझ्या चेहऱ्यावर तो चट्टा कधी उठलाच नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते असा हा आजार, आणि माझ्याकडे तो किडनीवर उलटला. गेल्या वर्षी मात्र गाठलं टाचेने.

पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं. मागे कुणीच नव्हतं. लंगडत रिक्षापर्यंत गेले. आई म्हणाली, "शीर चढली असेल गं." एक्स-रेत हाड शाबूत, म्हणून क्रेप बँडेज. इथेच खरी गोम आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती साध्या एक्स-रेत धड दिसत नाही, आणि तुटली तरी बाकीच्या स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडंफार हलतं. शिवाय टाचेची कंडरा म्हणजे रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या पुरुषांचं दुखणं! ल्युपसचे दहापैकी नऊ रुग्ण बायका असतात. कुणाला शंका येणार?

तीन आठवड्यांनी एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी मला पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. उजवं पाऊल हललं, डावं नाही. दहा सेकंदांची तपासणी.

ल्युपसमध्ये कंडरा क्वचितच तुटते. तुटते तेव्हा बहुधा वजन पेलणारी, टाचेची नाहीतर गुडघ्याची, आणि बहुतेकांच्या मागे वर्षानुवर्षांचं स्टेरॉइड असतं. ज्या संशोधनातून हे औषध आलं, त्याला १९५० मध्ये नोबेल मिळालं. माझी किडनी त्यानेच वाचवली. "बंद कर ती गोळी," हा नातेवाइकांचा निकाल. पण ती एकदम थांबवता येत नाही. स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायची शरीराची सवय सुटलेली असते, रक्तदाब कोसळू शकतो.

डॉक्टर अडून बसले ते वेगळ्याच प्रश्नावर: मधे कुठलं अँटिबायोटिक? लघवीच्या जळजळीसाठी मला लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं होतं. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्येच या जातीच्या औषधांवर कंडरा तुटण्याचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. मला गोळ्या मिळाल्या त्या पट्टी कापून, सुट्ट्या. चौकट कुठून दिसणार?

दोरी नक्की कशाने झिजली, आजाराने, स्टेरॉइडने की त्या पाच गोळ्यांनी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. ऑपरेशन झालं. फिजिओथेरपी चालू आहे. दोन्ही टाचा एकदम उचलता येतात. नुसती डावी, अजून नाही.